तितरमारे पद्धत

"बंद करा," कामत साहेब म्हणाले, आणि खोलीतल्या कुणाचाच हात हलला नाही.

डिसेंबरातली सकाळ होती. बांबूपासून कागद करणारा आमचा कारखाना, त्यातलं एक नंबर युनिट, आणि त्याची ही कंट्रोल रूम. भिंतीला लागून राखाडी कपाटांची रांग. बांबूचे तुकडे वाफेवर शिजवणाऱ्या उंच हंड्यांना किती वाफ द्यायची, कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा, केव्हा थांबायचं, हे सगळं ती कपाटं ठरवायची. ती बसवली तेव्हा माझे केस काळे होते. त्या दिवसापासून ती एकदाही बंद झाली नव्हती. दिवाळीत नाही, संपात नाही. छत गळलं तेव्हाही आम्ही माणसं भिजलो, पण त्यांच्यावर ताडपत्री धरून उभे राहिलो.

"गेडाम, तू कर," मी म्हणालो.

गेडाम आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर. तो दोन पावलं मागं सरला. "मी काहून जी? मी काय पाप केलं?"

"तितरमारे, खातं तुमचं आहे," कामत साहेब म्हणाले. जनरल मॅनेजर असूनही ते आवाज न चढवता बोलायचे. माणूस भला, डोक्यावर एक केस नाही, आणि त्या महिन्यात झोपही नाही. "यार्डातला ट्रान्सफॉर्मर बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. बॅटऱ्या तेवढा वेळ पुरणार नाहीत. बंद तर करावंच लागेल."

बंद करायला कुणाची ना नव्हती. ती परत चालू होतील का, हा प्रश्न होता. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल: जुनी यंत्रणा चालत असते ती चालत असते म्हणून. थांबली की तिला आपलं वय आठवतं. आणि मालकांचा कोलकात्याहून निरोप आला होता. शुक्रवारपर्यंत एक नंबर चालू झालं तर ठीक, नाहीतर त्याला कायमचं कुलूप. दोन नंबर नवं आहे, त्यावर भागवू. एक नंबरच्या तीन पाळ्यांवर अर्धं गाव जेवत होतं.

शेवटी मीच खटका ओढला. पंख्यांची घरघर हळूहळू उतरत गेली आणि थांबली.

"साहेब, माझे कान वाजून राहिले," गेडाम म्हणाला.

"कान नाही वाजत गेडाम. बाकीचं सगळं वाजायचं थांबलं."

माझ्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्यायचं, असं आमची ही सगळ्यांना सांगते. कुठलं निम्मं, ते मात्र ती सांगत नाही. तेव्हा हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण ती शांतता मी आयुष्यात परत ऐकली नाही. यार्डात कुणी पाना खाली ठेवला तरी आत कळत होतं.

गुरुवारी दुपारी नवा ट्रान्सफॉर्मर लागला. वीज आली. मी पहिल्या कपाटाचा खटका वर केला. हिरवा दिवा लागला, आतून 'टक्' असा आवाज आला आणि दिवा गेला. परत केला. टक्. दुसरं कपाट, टक्. तिसरं, टक्. एखाद्या हट्टी माणसानं जीभ टाळ्याला लावून नाही म्हणावं, तसं एकेक कपाट नाही म्हणत गेलं.

वीज घेऊन कपाटातल्या सर्किटच्या पट्ट्यांना, म्हणजे कार्डांना, पुरवणारा जो डबा असतो, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. तोच उठत नव्हता. माझ्याकडे सुटे डबे होते, पण तेही त्याच वर्षीचे. तेही टक्.

ज्या कंपनीनं ही यंत्रणा बनवली तिनं केव्हाच हात वर केले होते. त्यांचा माणूस शेवटचा आला, तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी माझ्याकडूनच एक कार्ड मागून घेऊन गेला. जाताना चहाही पिऊन गेला.

मी खुर्चीत बसलो. मार्चमध्ये मी निवृत्त होणार होतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला गावाची आठवण झाली नाही, मालकांची झाली नाही. फार दमलो होतो, एवढंच वाटलं. दर वर्षी हिला मरू द्यायचं नाही, दर वर्षी कुठून तरी एक कार्ड, एक फ्यूज, एक जुगाड. आता गेली तर गेली, आपणही घरी जाऊ.

तेवढ्यात गेडाम कानाशी आला. "साहेब, एक बोलू का जी?"

"बोल."

"तुमचीच पद्धत करा ना."

"कुठली माझी पद्धत?"

"बाप्पा! मलेच विचारता? तितरमारे पद्धत. माझा साळा शिमिटात हाये ना, तो सांगून राहिला होता. तिथं सारेच करतात म्हणे थंडीत."

कामत साहेबांनी मान वर केली. "कसली पद्धत? तितरमारे, तुम्ही मला बोलला नाहीत."

आता ही पद्धत काय, ते सांगितलं पाहिजे.

आमच्या भागात चार कारखान्यांत हीच यंत्रणा होती. एकाच दशकात, एकाच गोडबोल्या सेल्समननं चौघांच्या गळ्यात मारलेली. मालक एकमेकांचे वैरी, पण आम्ही इंजिनिअर महिन्याच्या पहिल्या रविवारी फाट्यावरच्या शेवंताबाईच्या खानावळीत जमायचो. पाटोडीचा रस्सा, वडाभात, जवसाची चटणी. ज्याचं कार्ड मेलं असेल त्यानं ते आणून टेबलाच्या मधोमध, कांद्याच्या ताटलीशेजारी ठेवायचं. कुणाकडे तसलं शिल्लक असेल तर त्यानं द्यायचं. नसेल तर त्याबद्दल काही ठाऊक असेल ते सांगायचं. आणि तेही नसेल तर निदान एखादी गोष्ट सांगायची. रिकाम्या हातानं कुणाला परत पाठवायचं नाही, असा आमचा नेम होता.

दोन हिवाळ्यांमागं सिमेंट कारखान्याच्या अलका बारसागडे मॅडम आल्या आणि त्यांनी एक पॉवर सप्लायचा डबा टेबलावर ठेवला. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, आमच्यात एकट्याच बाई. वयानं मला लेकीसारख्या, म्हणून मी एकेरीत बोलायचो. "थंडीत उठत नाही," एवढंच म्हणाली. डबा कुणाकडे नव्हता. ठाऊक कुणाला काही नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तिसरा प्रकार माझ्याकडे भरपूर असायचा.

मग मी सांगितलं. तरुणपणी मी हिमाचलात एका कारखान्यात होतो. (मी भोपाळच्या पलीकडे गेलेलो नाही.) तिथं थंडी अशी, की चहा कपात ओतेपर्यंत गोठायचा, तो आम्ही चावून खायचो. एकदा बर्फात सगळी यंत्रणा बंद पडली. काही केल्या उठेना. तेव्हा आमचा म्हातारा सरदारजी फोरमन घरून रजई घेऊन आला. कपाटाला रजई गुंडाळली, खाली निखाऱ्याचं घमेलं ठेवलं आणि कपाटाला मिठी मारून झोपला. पहाटे आतून घरघर ऐकू आली. बघतो तर कपाट चालू आणि सरदारजी थंड. नाही, मेला नव्हता. त्याची सगळी ऊब कपाटानं ओढून घेतली होती, म्हणून आम्हाला त्यालाच दुसऱ्या रजईत घालावं लागलं.

टेबल हसून हसून हललं. अलका हसली नाही.

"काकाजी, घमेलं कपाटापासून किती लांब होतं?"

थापेलाही मापं लागतात. "दीड हात," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि डबा पिशवीत घालून गेली.

पुढच्या महिन्यात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काकाजी, तुमची पद्धत चालली." मला वाटलं, पोरीनं थापेला थापेनं उत्तर दिलं. मी उठून तिला नमस्कार केला. मग खताच्या कारखान्याचा माणूसही म्हणायला लागला, आमच्याकडेही चालली. मला वाटलं, सगळे मिळून म्हाताऱ्याची फिरकी घेताहेत. माझी कपाटं कधी बंदच झाली नव्हती, त्यामुळे मला पडताळा बघायची वेळ आली नव्हती. आता आली होती. आणि अख्ख्या कारखान्यात ही पद्धत थाप आहे हे जाणणारा एकच माणूस होता.

"एक फोन करून येतो," मी कामत साहेबांना म्हणालो आणि जिन्यात गेलो. रेंज तिथंच यायची.

"बोला काकाजी," अलका म्हणाली. "मी गुलाबाला पाणी घालून राहिली."

"काय करून राहिली?"

"मला गार्डन दिलंय. गार्डन आणि कँटीन. आमची जुनी कपाटं काढली ना मागच्या महिन्यात. नवीन सिस्टिम आली, तिच्यासोबत नवीन पोरं आली. साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही थकल्या असाल."

"थकली होती का?"

"ते म्हणेपर्यंत नव्हते."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. तिला सगळं सांगितलं. टक् सांगितलं, शुक्रवार सांगितला, कुलूप सांगितलं.

"मग तुमची पद्धत करा ना," ती म्हणाली.

"बाई, आता चेष्टा नको. अशी काही पद्धत नाही. ती थाप होती. सरदारजी नाही, घमेलं नाही, हिमाचल नाही. मी कधी बर्फ बघितला तर तो उसाच्या रसात."

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. मग तिनं नळ बंद केला.

"मला माहीत आहे काकाजी. कपाटाखाली निखारे ठेवले असते तर वायरी वितळल्या असत्या."

"माहीत आहे? मग तू केलंस काय?"

"केलं ते माझं मी केलं. तुमच्याकडून परत गेले, त्या दिवशी कपाटांसमोर बसून होते. एक कपाट खिडकीजवळचं. त्याच्यावर ऊन आलं आणि ते उठलं. बाकीची सावलीतली, ती नाही उठली. मग घरून हेअर ड्रायर आणला. आत वीज साठवणारे जे कपॅसिटर असतात ते वाळत येतात वय झालं की. थंड असले की पहिला झटका पेलवत नाही त्यांना. कोमट केले की तेवढ्यापुरते पेलतात. बस, एवढंच."

"मग हे टेबलावर असं सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं ना. त्याच्या आधीच्या वर्षी. कपॅसिटर वाळतात, ते बदलायला पाहिजे, असं मी पूर्ण जेवणभर बोलत होते. सगळे हो हो मॅडम म्हणाले आणि आणखी पाटोडी मागवली. तुम्हीच मागवली." ती हसली. "तुमची गोष्ट दुसऱ्या दिवशी चारही कारखान्यांत पोचते. माझं बोलणं टेबल ओलांडत नाही. म्हणून तुमच्या नावानं पाठवलं. खतवाल्यांनी मला फोन करून विचारलं तेव्हा त्यांना ड्रायर सांगितला. पण नाव तुमचंच राहू दिलं."

मला काही बोलता येईना. माझ्या घरी हे कळलं असतं तर पेढे वाटले असते.

"येतेस का?" मी विचारलं.

"दुसऱ्या कारखान्यात? मला गेटवर कोण सोडेल?"

"गेटचं मी बघतो."

"गुलाबाला विचारून येते," ती म्हणाली.

मी आत येऊन सांगितलं, की हेअर ड्रायर पाहिजेत, मिळतील तेवढे. कुणी प्रश्न विचारला नाही. तितरमारे पद्धत म्हटल्यावर विचित्र काही असणारच, हे सगळ्यांनी धरलेलं होतं. गेडामच्या बायकोचं ब्यूटी पार्लर होतं. तो सायकलवरून दोन घेऊन आला. "बायकोनं शिव्या देल्या जी. आज नवरीचं बुकिंग हाये, नवरी ओल्या केसानं बसली हाये." कॉलनीतून आणखी आले. कामत साहेब स्वतः घरी जाऊन एक घेऊन आले. त्यांच्या तुळतुळीत डोक्याकडे कुणी पाहिलं नाही, यावरून त्या दिवशीच्या शिस्तीची कल्पना यावी.

अलका एसटीनं आली. स्वेटर, खांद्याला जड पिशवी. गेटवर मी आधीच उभा होतो. "बॉयलर इन्स्पेक्टर मॅडम आहेत," मी वॉचमनला म्हणालो. त्यानं सलाम ठोकला. आत चालता चालता ती म्हणाली, "काकाजी, एक तरी दिवस खरं बोला."

"आजच बोललो ना जिन्यात. रोज कुठून आणू?"

ती कपाटांसमोर उभी राहिली, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि बोलायला लागली. आवाज मोठा नव्हता, पण खोली ऐकायला लागली. खटके सगळे खाली. डबे उघडे करा. ड्रायर जवळ नेऊ नका, वीतभर लांबून, हळू फिरवत. घाई केली तर फुटतील. "लेकराला कणकण असली की अंग कसं लागतं? तेवढं. त्याच्यावर नाही."

मग आम्ही बसलो. तीन इंजिनिअर, दोन ऑपरेटर आणि एक जनरल मॅनेजर, प्रत्येकजण एका कपाटासमोर स्टुलावर, हातात ड्रायर. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, कपाटांचं लग्न आहे. गेडामच्या हातातला ड्रायर गुलाबी होता. अलका रांगेतून फिरत होती, डब्याला तळहाताची पाठ लावून बघत होती, "अजून" म्हणत होती आणि पुढे जात होती. कामत साहेबांजवळ आली आणि म्हणाली, "हात दुखला असेल तर बदला, सर." ते म्हणाले, "नाही. बरं वाटतंय." उन्हं कलली तरी ती "अजून"च म्हणत होती.

पहिल्या कपाटाचा खटका तिनं मला वर करायला सांगितला.

हिरवा दिवा लागला. मी टक् ऐकायला कान लावले. टक् आला नाही. दिवा तसाच राहिला. मग आतला पंखा गळा खाकरल्यासारखा करून फिरायला लागला.

"थांबा," ती म्हणाली. "ह्याला स्थिर होऊ द्या. एकदम सगळ्यांना उठवू नका."

एकामागून एक उठली. शेवटचं कपाट एकदा नाही म्हणालं. तिनं आपल्या पिशवीतून त्यांच्याकडच्या जुन्या यंत्रणेचा डबा काढला, भंगारात निघालेला. त्यात तिनं कधीतरी नवे कपॅसिटर टाकलेले होते. तो बसवला आणि तेही उठलं. पडद्यावर हंड्यांची हिरवी चित्रं आली. गेडाम पडद्याला हात जोडून उभा राहिला आणि मग एकदम म्हणाला, "नवरी!" आणि दोन्ही ड्रायर घेऊन पळाला.

बाकीचे चहाला गेले. अलका शेवटच्या कपाटाशेजारी खुर्चीत बसली आणि तिथंच तिचा डोळा लागला. कामत साहेब माझ्या टेबलाशी आले.

"मालकांना फोन करायचाय," ते म्हणाले. "ते पहिला प्रश्न काय विचारतील सांगू? आज चाललं, पुढच्या वेळी कोण चालवणार? तितरमारे मार्चमध्ये जातोय, हे त्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे नाव नसेल तर आज चालू झालं ते कुलूप लावायच्या आधीचं शेवटचं चालू होणं ठरेल. तुमची पद्धत तुमच्याबरोबर जाणार. मग?"

मी अलकाकडे बोट केलं.

"त्या? त्या सिमेंटच्या ना?"

"सिमेंटवाल्यांनी त्यांना बाग दिलीय, साहेब. गुलाबाला पाणी घालतात."

"पण पद्धत तर तुमची."

"पद्धत त्यांची आहे. पहिल्यापासून त्यांचीच. माझं नुसतं नाव लागलं. कुठला भाग केव्हा मरणार, हे त्यांना कळतं. कपाटांतले सगळे कपॅसिटर त्या बदलून देतील, मग ड्रायरही लागणार नाही."

कामत साहेब वाट बघत राहिले. त्यांना माझी सवय होती. एवढ्यावर माझी गोष्ट कधी थांबत नसे. मीही पुढचं शोधत होतो. एखादा वाघ, एखादा सरदारजी, काहीतरी यायला हवं होतं. आलं नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"तितरमारे, इतकी वर्षं तुमच्या गोष्टी ऐकतोय," ते दमलेल्या आवाजात म्हणाले. "आज माझ्यामागं तीन पाळ्या उभ्या आहेत. ह्यात खरं किती, तेवढं सांगा."

"सगळं, साहेब. म्हणूनच तर नीट सांगता येत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीत झोपलेल्या बाईकडे बघितलं. तिचे हात मांडीवर पालथे पडले होते आणि त्यांची पाठ ड्रायरच्या वाऱ्यानं कोरडी पांढुरकी झाली होती. साहेबांनी फोन ओढून घेतला, कोलकात्याचा नंबर फिरवला आणि पलीकडे घंटी वाजत असताना रिसीव्हरवर हात ठेवून हळूच, तिला जाग येणार नाही अशा बेतानं विचारलं,

"आडनाव काय त्यांचं?"